आपल्या तोंडातला ‘च’

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या मास्तराला दोन भाषांच्या वह्या तपासाव्या लागतात आणि तिसऱ्या भाषेच्या चुका काढाव्या लागतात. वह्या उर्दूच्या आणि मराठीच्या असतात. चुका मात्र बहुतेक वेळा मुलांच्या घरच्या बोलीच्या असतात. केज तालुक्यातल्या नांदूरघाटात आमच्या मोहल्ल्यात जी बोली बोलली जाते तिला घरात कोणी नाव देत नाही. विचारले तर लोक ‘मुसलमानी’ म्हणतात, शिकलेले ‘बिघडलेली उर्दू’ म्हणतात, शेजारचे मराठी लोक ‘हिंदी’ म्हणतात. अभ्यासकांनी तिला दखनी म्हटले आहे आणि तेच तिचे खरे नाव आहे.

हा लेख त्या बोलीतल्या एका अक्षराबद्दल आहे. ते अक्षर ‘च’. त्याच्यावर लेख लिहावा असे वाटण्याचे कारण आठवीतल्या एका मुलीची वही. तिने उर्दू निबंधात लिहिले होते, ‘मैंच पानी भरती हूँ.’ मी सवयीप्रमाणे ‘मैंच’खाली लाल रेघ ओढली आणि वर ‘मैं ही’ असे लिहिले. त्याच आठवड्यात मराठीच्या वहीत तिने लिहिले, ‘घरचे पाणी मीही भरते.’ तिला म्हणायचे होते ‘मीच भरते’. इथेही लाल रेघ पडली. वही परत घेताना तिने विचारले, “सर, उर्दूमें च लिखी तो गलत, मराठीमें ही लिखी तो गलत. फिर सही काय है?”

तिचे दोन्ही वेळा चुकले असे नियम सांगतो. पण ती चुकली का, हे पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की चूक तिच्या डोक्यात नव्हती, आमच्या शिकवण्यात होती. तिला तीन भाषांमधले एकच काम करणारे तीन छोटे शब्द कोणी शेजारी शेजारी ठेवून दाखवलेच नव्हते.

आधी मराठीचे पाहू. आपल्या शालेय व्याकरणात ‘च’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. ‘ही’, ‘देखील’, ‘सुद्धा’, ‘मात्र’ हे त्याचे सोबती. शुद्ध एवढ्यासाठी की हे शब्द लागताना आधीच्या शब्दाचे सामान्यरूप होत नाही. ‘मुलगा’ला ‘साठी’ लागले की ‘मुलासाठी’ होते, पण ‘च’ लागला तर ‘मुलगाच’ राहतो. हा शब्द आपल्या यजमानाला हात लावत नाही, फक्त त्याच्या खांद्यावर बसतो. पण बसल्यावर सगळ्या वाक्याची दिशा फिरवतो. ‘मीच पुस्तक वाचले’, ‘मी पुस्तकच वाचले’, ‘मी पुस्तक वाचलेच’ ही तीन वाक्ये घ्या. पहिल्यात दुसऱ्या कोणी वाचले नाही, दुसऱ्यात दुसरे काही वाचले नाही, तिसऱ्यात अडचणी असूनही वाचले. शब्द तेच आहेत. फक्त ‘च’ एका खांद्यावरून उठून दुसऱ्या खांद्यावर बसला.

त्याचे अर्थही एक नाहीत. ‘तूच’मध्ये तो इतरांना वगळतो. ‘आत्ताच’मध्ये नेमकेपणा आणतो. ‘येईलच’मध्ये खात्री देतो. ‘येताच’मध्ये दोन घटनांच्या मधला वेळ पुसून टाकतो. ‘आलाच तर’मध्ये शंका दाखवतो. आणि ‘चांगलाच पाऊस झाला’ म्हणताना तो पावसाचे प्रमाण वाढवतो. तिथे दुसरे काही वगळायचे नसतेच. व्याकरणात ‘निश्चयार्थक’ असा एक शब्द लिहून पुढे गेले की हे सगळे हातातून निसटते.

हा ‘च’ आला कुठून? संस्कृत शिकलेल्याला वाटते की हा तोच जुना ‘च’. पण संस्कृतातल्या ‘च’चा अर्थ ‘आणि’ असा आहे. तो जोडतो. पाणिनीने द्वंद्व समास सांगताना ‘च’च्या अर्थाने होणारा समास असे त्याचे लक्षण केले आहे. ‘राम आणि लक्ष्मण’ हे तिथे ‘रामः लक्ष्मणः च’ असे होते. हा शब्द फार जुन्या घराण्यातला आहे. अवेस्ता ग्रंथाच्या भाषेतही ‘च’ म्हणजे ‘आणि’, आणि तो तिथेही शब्दाच्या मागेच लागतो. लॅटिनमधला ‘क्वे’ त्याचाच भाऊबंद. जोर देण्यासाठी संस्कृतात वेगळा शब्द आहे, ‘एव’.

मग जोडणारा ‘च’ मराठीत येऊन वगळणारा कसा झाला? मधला दुवा प्राकृताचा आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात निश्चय दाखवणाऱ्या शब्दांत चेअ, चिअ, च्च हे सांगितले आहेत. महाराष्ट्री प्राकृतात ते भरपूर आढळतात. या ‘चेअ’च्या मागे संस्कृतातला ‘चैव’, म्हणजे ‘च’ अधिक ‘एव’, पाहण्याची रीत आहे. तसे मानले तर जोर मूळचा ‘एव’चा होता, ‘एव’ झिजून गेला आणि त्याचे काम शेजारच्या ‘च’च्या गळ्यात पडले. जुन्या मराठीत हाच शब्द ‘चि’ असा दिसतो. इ. स. 1290 च्या ज्ञानेश्वरीत तो पावलोपावली आहे. आमच्या जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला ज्यांची समाधी दाखवली जाते त्या मुकुंदराजांचा विवेकसिंधू त्याहून शंभर वर्षे आधीचा मानतात. ज्यांचे नाते बीड जिल्ह्याशी सांगितले जाते ते सतराव्या शतकातले शेख महंमद श्रीगोंद्याला राहिले आणि मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून गेले. मराठी लिहिणाऱ्या मुसलमानाला ‘च’ शिकायला कुठे बाहेर जावे लागत नव्हते. तो त्याच्या अंगणातला शब्द होता. कोकणीतही हाच ‘च’ आहे. गुजरातीत त्या जागी ‘ज’ येतो, ‘हुं ज’ म्हणजे ‘मीच’.

आता उर्दू. उर्दूत हे काम ‘ही’ करतो. पण ‘ही’ची वागणूक ‘च’सारखी नाही. तो आधीच्या शब्दात मिसळून जातो आणि मग ओळखू येत नाही. ‘अब’ आणि ‘ही’ मिळून ‘अभी’, ‘सब’ आणि ‘ही’ मिळून ‘सभी’, ‘वह’ आणि ‘ही’ मिळून ‘वही’, ‘हम’ आणि ‘ही’ मिळून ‘हमीं’. दुसरी गोष्ट, तो विभक्तीच्या आधी शिरू शकतो. ‘उसी ने’, ‘मुझी को’, ‘तुम्हीं से’. मराठीत ‘त्यानेच’, ‘मलाच’, ‘तुझ्याशीच’ असे म्हणावे लागते. प्रत्यय आधी, ‘च’ शेवटी. प्रत्ययाच्या आधी ‘च’ घुसवून पाहा, ‘मीचला’ असे काहीतरी विचित्र तयार होईल.

खरी गंमत पुढे आहे. मराठीतही ‘ही’ आहे, पण त्याचा अर्थ नेमका उलटा. उर्दूत ‘मैं ही’ म्हणजे दुसरा कोणी नाही, फक्त मी. मराठीत ‘मीही’ म्हणजे इतर आहेत आणि त्यांच्यासोबत मी पण. उर्दूचा ‘ही’ दार लावतो, मराठीचा ‘ही’ दार उघडतो. मराठीच्या ‘ही’ला उर्दूत ‘भी’ म्हणतात. ज्या मुलीला वर्गात वर्षानुवर्षे ‘च नको, ही लिही’ असे सांगितले गेले, तिने मराठीतही आज्ञाधारकपणे ‘ही’ लिहिला यात तिचा काय दोष? घरचे सगळे पाणी एकटी भरणारी पोर आमच्या कृपेने कागदावर मदतनीस झाली.

तिच्या घरच्या बोलीत ही अडचणच नव्हती. दखनीत ‘मैंच’ आहे. आमच्याकडे स्वरानंतर नुसता ‘च’ लागतो, ‘मेरेकूच’, ‘उनेच’, ‘ऐसाच’. व्यंजनानंतर ‘इच’ होतो, ‘एकइच’, ‘आजइच’. भाषेचे अभ्यासक हा ‘च’ मराठीतून दखनीत आला असे सांगतात. पण अभ्यासकांनी सांगितले म्हणून मान डोलावण्यापेक्षा आपण आपल्याच तोंडात तपासून पाहू.

पहिली तपासणी जागेची. दखनीत ‘च’ कुठे बसतो? ‘मेरेकूच दे’, ‘घरमेंच बैठ’, ‘तेरेसेच बोल्या’. म्हणजे प्रत्ययाच्या नंतर, अगदी मराठीसारखा. उर्दूच्या ‘मुझी को’ची तऱ्हा त्याने घेतली नाही. शब्द मराठीतून आला आणि बसण्याची रीतही सोबत घेऊन आला.

दुसरी तपासणी अर्थाची. ‘अच्छाच पानी पड्या’ असे आमच्या घरात पाऊस पाहून म्हणतात. उर्दूत ‘अच्छा ही पानी बरसा’ म्हटले तर हा अर्थ निघत नाही. तिथे ‘अच्छा-ख़ासा’ म्हणावे लागते. म्हणजे ‘चांगलाच पाऊस’मधला तो प्रमाण वाढवणारा ‘च’ही आमच्याकडे आला. ‘आतेच बोल्या’ म्हणजे ‘येताच म्हणाला’, ‘आयाच नै’ म्हणजे ‘आलाच नाही’. मराठीच्या ‘च’ची जवळजवळ सगळी कामे दखनीत चालू आहेत.

तिसरी तपासणी मला सगळ्यांत आवडते. ‘अब्बीच आया’ हे वाक्य घ्या. ‘अभी’मध्ये ‘ही’ आधीच आहे. त्यावर पुन्हा ‘च’. ‘वहीच’, ‘सभीच’ यांचेही तसेच. एका शब्दात दोन भाषांचा जोर दाटीवाटीने बसला आहे. जुना ‘ही’ इतका मिसळून गेला होता की बोलणाऱ्याला त्याचा जोर जाणवेना, म्हणून त्याने शेजाऱ्याकडून ताजा ‘च’ घेतला. ज्याला आपण बिघडलेली उर्दू म्हणतो तिच्यात हे सगळे बिनबोभाट, नियमाने चालले आहे. ज्यात नियम आहे त्याला बिघाड कसे म्हणावे?

एक फरक मात्र राहिला, उच्चाराचा. मराठीत दोन ‘च’ आहेत. ‘चार’ या आकड्यातला वेगळा आणि जनावराच्या ‘चाऱ्या’तला वेगळा. ‘चिंच’ या एकाच शब्दात दोन्ही आहेत, पहिला तालूचा, दुसरा दातांजवळचा. जोर देणारा ‘च’ हा दुसऱ्या जातीचा, ‘तूच’ म्हणताना जीभ दाताकडे जाते. दखनीत तोच ‘च’ पहिल्या जातीचा झाला. कारण साधे आहे. उर्दूकडे एकच ‘चे’ आहे, आणि तोही फारसीने अरबी लिपीत घातलेल्या चार अक्षरांपैकी एक. घरी आलेला पाहुणा घरातल्या भांड्यातच जेवणार. माझा आणखी एक अंदाज आहे. जुन्या मराठीतल्या ‘चि’चा उच्चार, पुढे ‘इ’ असल्याने, तालूचाच असणार. दखनीने ‘चि’ असतानाच हा शब्द उचलला असेल, तर तिच्या तोंडात तो जुना उच्चार टिकून राहिला असेल. हा अंदाजच आहे, पण अभ्यासकांनी तपासून पाहण्यासारखा आहे.

हा शब्द कधी आला असावा? मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली. दिल्लीकडची माणसे, सूफी, शिपाई, कारागीर या मुलखात उतरले. 1347 मध्ये बहमनी राज्याची सुरुवात दौलताबादेतूनच झाली, मग राजधानी गुलबर्ग्याला आणि पुढे बीदरला गेली. या प्रवासात दखनी घडली. 1635 मध्ये गोवळकोंड्याला मुल्ला वजहीने ‘सबरस’ लिहिले. त्या काळच्या दखनी लिखाणात हा ‘च’ मुरलेला आहे. ध्यानात घ्या, गोवळकोंडा तेलुगू मुलखात आहे. आजही हैदराबाद, कर्नाटक, तामिळनाडूतले दखनी बोलणारे मुसलमान ‘इच’ म्हणतात. त्यांच्या शेजारी मराठी नाही. तेलुगू आणि कन्नड भाषांत जोर द्यायला शब्दाच्या शेवटी ‘ए’ लावतात. तरी यांच्या तोंडात ‘च’. याचा अर्थ मला असा दिसतो की मराठी मुलखातून पुढे जाताना दखनीने हा शब्द पदरात बांधून नेला. जिथे मराठी माणूस पोचला नाही तिथे मराठीचा ‘च’ मुसलमानाच्या तोंडून पोचला. मराठीच्या प्रसाराच्या इतिहासात ही गोष्ट एका ओळीत तरी यायला हवी होती.

नामे कुठेही उसनी मिळतात. नवी वस्तू आली की तिचे नाव बाजारातून घरात येते. पण ‘च’सारखा शब्द बाजारात मिळत नाही. तो विकत घेण्यासारखी वस्तू नव्हे. तो येतो तेव्हा दोन भाषा एकाच चुलीजवळ, एकाच विहिरीवर, भांडणात आणि अंगाईत पिढ्यान् पिढ्या शेजारी बसलेल्या असतात. व्यवहाराही उलट दिशेने तितकाच झाला. मराठीने अरबी-फारसीतून हजारो नामे घेतली हे सगळ्यांना ठाऊक आहे. माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश 1925 चा. औरंगाबादेत अंजुमन तरक़्क़ी-ए-उर्दूचे काम वर्षानुवर्षे पाहणाऱ्या मौलवी अब्दुल हक़ांनी मराठीवरच्या फारसीच्या प्रभावावर उर्दूत पुस्तक लिहिले, ‘सबरस’ही त्यांनीच संपादून काढले. पण नामांपेक्षा मोलाचे देणे वेगळे आहे. ‘शिवाय’, ‘खेरीज’, ‘बद्दल’, ‘बाबत’, ‘वगैरे’ हे शब्द पाहा. भाषाशुद्धीच्या चळवळींनी पुष्कळ नामे बदलली, महापौर आणि दिनांक आणले, पण ‘शिवाय’ला कोणी हलवू शकले नाही. ‘तो म्हणाला की’ या रचनेतल्या ‘की’वरही फारसीच्या ‘कि’ची छाया आहे. मराठीचा जुना ‘की’ मुख्यतः ‘किंवा’च्या आणि प्रश्नाच्या कामाचा. म्हणजे मराठीने आम्हाला ‘च’ दिला आणि आमच्याकडून ‘शिवाय’ घेतला. हिशेब काढायला बसलो तर कोण कोणाचे देणे लागतो ते सांगता येणार नाही.

मग या ‘च’ला लाज कधी वाटू लागली? अठराव्या शतकात. वली औरंगाबादीची ग़ज़ल दिल्लीत पोचली, तिथल्या कवींनी ती डोक्यावर घेतली आणि मग भाषा घासूनपुसून घ्यायला सुरुवात केली. शाह हातिमने 1755 च्या सुमारास आपला जुना दीवान चाळून ‘दीवानज़ादा’ तयार केला आणि कोणते शब्द टाकले ते प्रस्तावनेत सांगितले. दिल्ली-लखनौची उर्दू मापदंड झाली, दखनी गावंढळ ठरली. निज़ामाच्या राज्यात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतून झाले. पण ती उर्दू पुस्तकातली. आमच्या आजोबांच्या तोंडातल्या बोलीला त्यातही खुर्ची नव्हती. 1948 नंतर ते राज्य गेले. खुर्चीवरची भाषा बदलली, आमची बोली होती तिथेच राहिली.

मी स्वतः ही लाज शिकलो. बी.एड.च्या सराव पाठात मी मुलांना ‘येइच सवाल दुबारा पढो’ असे म्हणालो. मागे बसलेल्या निरीक्षकांनी शेऱ्यात ‘ज़बान नाक़िस’ असे लिहिले. मी तो शेरा मनावर घेतला आणि पुढची दहा वर्षे तो मुलांच्या वह्यांवर फेडला.

आता साहित्याकडे वळतो, कारण या वार्षिकाचे वाचक बहुतेक लिहिणारे आहेत. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्याला पस्तीस वर्षे उलटली. या काळात आपल्याकडे कविता, कथा, आत्मकथने पुष्कळ आली. त्यातला मुसलमान बोलतो कसा, याची तपासणी मात्र फारशी झाली नाही. मला तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा सिनेमातून आली. मुसलमान पात्र दिसले की प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘इच’ चिकटवायचा. ‘मैं कल बाज़ार जाताइच, आलू लाताइच.’ असे आमच्यात कोणी बोलत नाही. हा ‘इच’ जोरासाठी येत नाही, जात दाखवण्यासाठी येतो. वाचक हसतो आणि पात्र तिथेच मरते. मराठीतल्या बिगरमुस्लिम लेखकांनी हे केले यात नवल नाही. आपल्यातल्या काहींनीही हसू मिळवायला हेच केले.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. आपल्या माणसांची खिल्ली उडते म्हणून लेखक त्यांच्या तोंडात पुस्तकी उर्दू घालतो. गावच्या पिंजाऱ्याची म्हातारी ‘मैं ही जाऊँगी’ म्हणते. वाक्य शुद्ध झाले, पण म्हातारी लखनौची झाली. तिच्या घरात बोअरचे पाणी आहे, चुलीवर ज्वारीची भाकर आहे आणि तोंडात मात्र ‘ही’. लेखकाने तिचा मान वाढवला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात आमच्या निरीक्षकांनी जो शेरा मला दिला तोच त्याने आपल्या आजीला दिला.

तिसरी तऱ्हा, सगळे संवाद सरळ मराठीत. ही काही ठिकाणी अगदी खरी असते. कोकणातल्या मुसलमानांची घरची बोली कोकणी-मराठीच्या वळणाची आहे. पश्चिम महाराष्ट्रात मराठीच घरात बोलणारी कुटुंबे आहेत. पण जिथे घरात दखनी आहे तिथे ती गाळून टाकली की माणूस मराठी होतो खरा, घरात कसा बोलतो ते मात्र कळत नाही.

मग लिहावे कसे? मी मुलांना एक साधी कसोटी देतो, लेखकांनाही तीच सुचवतो. दखनी वाक्य मनात मराठी करा. मराठीत जिथे ‘च’ आपोआप येईल तिथेच दखनीत ‘च’ लिहा. ‘मी उद्या बाजारला जातो’ या वाक्यात ‘च’ नाही, म्हणून ‘जाताइच’ खोटे. ‘मलाच का बोलतोस?’ यात ‘च’ आहे, म्हणून ‘मेरेकूच कायकू बोलता?’ खरे. ही कसोटी चालते याचा अर्थ फार मोठा आहे. आपल्या घरच्या बोलीतला सगळ्यात नाजूक शब्द कुठे ठेवायचा हे आपल्याला मराठी सांगते. मुसलमान पात्राच्या तोंडचे वाक्य खरे की खोटे हे दिल्लीच्या नव्हे, केजच्या बाजारातल्या कानाने ठरते.

आपल्या चळवळीतल्या भाषणांत एक वाक्य नेहमी येते, ‘आम्हीही मराठी आहोत.’ मी ते टाळ्या वाजवून ऐकले आहे, स्वतः म्हटलेही आहे. आता त्या ‘ही’जवळ थोडे अडखळतो. ‘आम्हीही’ म्हणताना आधी दुसरे कोणी मराठी असते आणि मग आपण रांगेत मागे उभे राहून जागा मागतो. ‘आम्हीच मराठी’ असे म्हणावे असे मी मुळीच सुचवत नाही. तो दार लावणारा ‘च’ आज पुष्कळांच्या तोंडी आहे, त्यात आपली भर नको. माझे म्हणणे एवढेच की ‘मैंच’, ‘अब्बीच’, ‘ऐसाच’ असे सहाशे-सातशे वर्षे बोलणाऱ्याला मराठीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहण्याचे कारण नाही. आणि हा पुरावा घोषणेपेक्षा भरवशाचा आहे, कारण तो कोणी तयार केलेला नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर दिले. तीन रकाने आखले. उर्दू: मैं ही, मैं भी. मराठी: मीच, मीही. घर: मैंच, मैं बी. उर्दूच्या पेपरात पहिला रकाना लिहायचा, मराठीच्या पेपरात दुसरा, हे सांगितले. परीक्षा द्यायची तर ते सांगावेच लागते. तिसरा रकाना कुठे लिहायचा असे एका मुलाने विचारले. मी म्हणालो, गोष्ट लिहिशील तेव्हा. तिसऱ्या रकान्यावर लाल रेघ ओढणे मी बंद केले आहे. आता ‘मैंच’ दिसले की समासात ‘दखनी’ असे लिहितो आणि शेजारी ‘उर्दू: मैं ही’. मार्क मात्र मंडळाच्या नियमाप्रमाणे कापावाच लागतो.

ती मुलगी आता दहावीत आहे. तिच्या मराठीच्या वहीत ‘मीच’ आणि ‘मीही’ आता जागच्या जागी येतात. पाणी अजून तीच भरते.